तालमीतल्या देवाचं नाव

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं म्हणाल, तर लसूण सोलला.

बुधवार होता. आमच्या घरी बुधवारी लसूण सोलायचा, हा कायदाच. ओसरीवर पोतं अंथरायचं, सुपात गड्ड्या घ्यायच्या, तिनं फोडायच्या आणि मी सोलायच्या. गावचा बाजार बुधवारचा. सगळं गाव पिशव्या घेऊन बाजाराच्या वाटेला लागलेलं, आणि मी, एके काळचा पैलवान, पोत्यावर मांडी घालून लसूण सोलतोय, हे पन्नास वर्षं चाललं. बाजार ती सकाळीच उरकून यायची. मी जातो म्हणलं की म्हणायची, "तुमी बाजारात गेला की कुस्त्यांच्या गप्पा हाणीत बसता आन् मिरच्या इसरून येता. बसा घरी." खोटं नव्हतं, म्हणून बसायचो.

त्या दिवशी आत टीव्ही चालू होता. कसलातरी क्रिकेटचा मोठा सामना होता आणि एक गंधवाला माणूस गुरू कुठं, शनी कुठं हे सांगून कोण जिंकणार ते ठरवत होता. ती ऐकत होती. मग म्हणली, "ह्याला खेळणाऱ्यांची नावं कुणी सांगितली? नीट इचारून घेतल्यात का?" आणि अशी हसली की सुपातला पाचोळा उडाला. मी पण हसलो. तिसरं कुणी असतं तर त्याला कळलं नसतं, यात हसण्यासारखं काय.

"मारुती," ती म्हणली, "पाकळ्या चेंगरू नका. हळू सोला."

माझं नाव मारुती नाही. हणमंता आहे. ती मला मारुती का म्हणायची, तेच सांगायला बसलोय. चौथी शिकलेला माणूस मी, लिहायची सवय नाही. पण ते माहीत असलेली दोन माणसं होती, त्यातलं एक त्याच दिवशी दिवेलागणीला तुळशीपुढं बसलं ते उठलंच नाही. आता मी पण विसरलो तर ते झालंच नव्हतं असं होईल.

तिचं नाव गया.

तिला जाऊन महिना होत आला आणि चैत लागला. आमच्या कर्जतकडच्या गावागावांतून जत्रा सुरू झाल्या. ह्या वर्षी शेजारच्या गावात हलगी वाजली तेव्हा मी लिंबाखाली बसलो होतो. लिंबाला मोहर आलेला, त्याचा तो कडूगोड वास, वर ऊन असं की डोळे मिटावे लागतात. हलगी वाजली आणि मी दचकलो. वय झालं, पण ते दचकणं तसंच आहे, बाविसाव्या वर्षी होतं तेवढंच. लोकांना हलगी ऐकली की चेव येतो. मला भीती वाटते. पैलवानानं असं लिहू नये, पण खरं ते खरं.

बहात्तरला पाऊस गेला, त्याच्या पुढचा चैत. विहिरीच्या तळाला पोरं गोट्या खेळत होती एवढी ती कोरडी. खायला सरकारी लाल मिलो ज्वारीची भाकर. ती गरम असताना तोडावी लागायची, गार झाली की दगड. गया दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, पाच महिन्यांची गरोदर होती तरी. तिथं बायांना सुकडी, म्हणजे सरकारी कोरडा खाऊ, मिळायची. ती निम्मी पदराला बांधून आणायची आणि म्हणायची, "मला भूक न्हाई, मळमळतंय." मी खायचो. तेव्हा मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं आणि खात होतो. पैलवानकीचा माज असा असतो.

तालमीचा हौदा तर बघवत नव्हता. एरवी जत्रेआधी माती खणून त्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालतात. माती कशी लोण्यासारखी होते, पडलं तर आईनं धरल्यासारखं वाटतं. त्या साली ताक प्यायला नव्हतं ते मातीला कुठलं. नुसती कोरडी ढेकळं फोडून ठेवलेली. वस्ताद म्हणायचे, "हणम्या, औंदा पडू नको बाबा. औंदा खाली जमीन न्हाई, भुई हाय." जमीन आणि भुई ह्यात काय फरक, ते पडल्यावर कळायचं.

आणि त्याच साली तो बाजारातला जोशी गाजायला लागला.

तो आमच्या गावचा नव्हता. दोन कोसांवरच्या गावाला सोमवारचा बाजार भरायचा, तिथं चिंचेखाली फडकं टाकून बसायचा. कानाला तांबडी पेन्सील, मांडीवर पंचांग. लग्नाचे मुहूर्त, हरवलेलं जनावर, असलं सांगायचा. दुष्काळात लग्नं थांबली आणि जनावरं छावणीत गेली. मग त्याला कुणीतरी कुस्त्यांचं विचारलं. पंचांगात घातवार म्हणून एक तक्ता असतो. प्रत्येक राशीला आठवड्यातला एक वार वाईट. त्या वारी लढाईला जाऊ नये, कोर्टात जाऊ नये, लांबच्या प्रवासाला निघू नये. जोशी म्हणाला, "कुस्ती म्हणजे लढाईच की." माणसाचं नाव विचारायचा, पहिल्या अक्षरावरून रास काढायचा, तक्त्यातला वार बघायचा. त्या वारी कुस्ती असली तर म्हणायचा, "हा पडणार."

पहिल्या दोन-तीन कुस्त्या त्याच्या बरोबर आल्या. कशा आल्या ते आता मला सांगता येईल, तेव्हा सांगता आलं नसतं. मग काय, लोकांना दुसरं करायला तरी काय होतं? नांगर उभे करून ठेवलेले. पारावर दिवसभर तेच. कोणाचं नाव काय, रास काय, जत्रा कोणत्या वारी. एक रंगनाथ नावाचा गडी होता, त्याचा वार गुरुवार निघाला आणि कुस्ती पण गुरुवारीच. तो आखाड्यात गेला आणि पुकारणाऱ्याला म्हणाला, "माझं नाव आजच्या दिवस बबन." मैदान हसून लोळलं. समोरचा गडी म्हणाला, "मी बबनबरूबर न्हाई धरत, माझी जोड रंगनाथसंगं लागलीया. त्याला बोलवा." आम्ही आठ दिवस तेच सांगून हसत होतो.

मग धोंडीबाचं झालं आणि हसणं बंद झालं.

धोंडीबा आमच्याच तालमीतला. माझ्यापेक्षा वर्षा-दोन वर्षांनी मोठा, मानेनं बैलासारखा. जोशी म्हणाला होता, "शुक्रवारी उतरू नको." तो शुक्रवारीच उतरला, आणि वर जोशाच्या नावानं मांडीवर शड्डू ठोकला. समोरच्यानं उचलला आणि टाकला. मी कडेलाच बसलो होतो. कुस्ती बघणाऱ्याला पडण्याचा आवाज ओळखू येतो, धप्प असा. हा आवाज तसा नव्हता. चुलीत घालायला वाळकी काटकी मोडतात, तसा होता. हलगीवाला वाजवत होता, त्याला कळलंच नाही. तो एकटाच वाजवत राहिला.

बैलगाडीत कडबा अंथरून धोंडीबाला घरी आणला. जिवंत होता. डोळे हलायचे, तोंड हलायचं, मानेखाली काही नाही. त्याच्या बायकोनं विचारलं, "असं कसं झालं?" तर कुणीतरी म्हणालं, "शुक्रवार हुता." जणू काही त्यात सगळं आलं.

माझ्या अंगाला मान आहे हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. पाणी प्यायला मान वर केली तरी आठवायची. तालमीत मानेवर उलटा पूल करायचा असतो, तो मी टाळायला लागलो. वस्तादांना म्हणायचो, उसण भरलीय. रात्री पाठीवर झोपायचो नाही, कुशीवर झोपायचो, कारण पाठ टेकली की पडल्यासारखं वाटायचं. हे कुणाला सांगितलं नाही. गयाला तर नाहीच.

गयानं पण मला सांगितलं नाही की ती सोमवारी कामावरून परस्पर बाजाराला गेली आणि जोशापुढं बसली. ते तिनं गुरुवारी सांगितलं. चूल फुंकत होती. धुरानं डोळे पुसत होती असं मला वाटलं.

"अवं," ती म्हणली, "शनवारी मातीला जाऊ नका."

आमच्याकडं मातीला जाणं म्हणजे मयताला जाणं. मी म्हणलं, "कोण गेलं?"

"कुनी न्हाई गेलं. तुमची कुस्ती हाय ना शनवारी. त्या मातीला."

मग सगळं बोलली. जोशानं शनिवार सांगितलाय. तक्त्यात आलाय. त्यानं कागद दिलाय. मी म्हणलं, "दाखव कागद." तर चोळीवर हात दाबून धरला. "त्यो बघू नये. मानसानं आपला सोताचा वार बघू नये."

मी चिडलो. काय बोललो ते लिहीत नाही. बोललो एवढं खरं की बाजारात जाऊन नवऱ्याचं मरण विचारणारी बाई मी आजच बघितली. तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणली, "मला धोंडीबाची बायकू रोज दिसती. पानी भरती, शेन काढती, खडी फोडती, त्याला मुताया उचलती. मी तुमाला उचलायची न्हाई म्हनत न्हाई. उचलीन. पर हे पोटातलं कुनी बघायचं?"

मी उठून बाहेर गेलो.

शनिवारी सकाळी निघालो. तिनं वाटेत आडवं यावं अशी माझी इच्छा होती. आता पन्नास वर्षांनी कबूल करतो. तिनं एकदा आणखी म्हणलं असतं तर मी कपाळावर हात मारून, बायकांपुढं काय चालतंय म्हणून घरी बसलो असतो, आणि लोकांनी तिला बोल लावला असता. पण ती म्हणली नाही. लंगोट धुऊन वाळवून घडी घालून ठेवला होता, तो हातात दिला. हात बर्फासारखा. चैताच्या उन्हात.

चार कोस चालत गेलो. वाटेत पळस फुललेला. दुसरं काही हिरवं नव्हतं आणि ह्याला लाल फुलायचं सुचलेलं. मी मोजत होतो, आपण मेलो तर ती किती वर्षांची विधवा. वीस वर्षांची.

समोर श्रीगोंद्याकडचा गेनू होता. ऊस पट्ट्यातला, त्याच्या अंगावर अजून तेल होतं. पण खरं सांगतो, तो माझ्यापेक्षा कमी होता. त्याला मी आधी दोनदा पाडलेला. पुकारणाऱ्यानं माझं नाव पुकारलं. सलामी झाली. हातात हात आला. त्याच्या डोळ्यांत बघितलं तर तो घाबरलेला. पण तो मला घाबरलेला. मी शनिवारला घाबरलेला.

मी पट काढायला वाकलो, म्हणजे त्याचा पाय धरायला. एरवी असा वाकलो की समोरचा गेलाच. पण वाकलो आणि मान उघडी पडली असं वाटलं, आणि काटकी मोडल्याचा तो आवाज कानात आला. मी आपला हात मानेवर नेला. भर कुस्तीत. बघणाऱ्यांना वाटलं माशी बसली. गेनूला एवढं बस होतं. त्यानं ढाकेचा डाव लावला आणि मी आभाळ बघितलं. पांढरंफटक, ढगाचा एक तुकडा नाही.

पडल्या पडल्या आधी पायाची बोटं हलवून बघितली. हलली. लोक ओरडत होते, गेनू नाचत होता, आणि मी मातीत पडून स्वतःच्या अंगठ्याकडं बघून हसत होतो. वस्ताद आले आणि म्हणाले, "निर्लज्जा, ऊठ." आणि मागून कुणीतरी म्हणालं, "शनिवार हुता. जोशी म्हनला नव्हता का?"

घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. ती उंबऱ्यात उभी. मला चालत येताना बघितलं आणि तिथंच खाली बसली. मग उठली, भाकरीचा तुकडा माझ्यावरून ओवाळून लांब टाकला आणि विचारलं, "हारला?"

"हारलो."

"बरं झालं बया!"

जन्मात कुठल्या पैलवानाला घरी असं स्वागत मिळालं नसेल. मला एवढा राग आला की म्हणलं, "आण तो कागद. आता बघू दे. हरलोय आता."

तिनं चोळीतून काढून दिला. घामानं ओला झालेला, पंचांगाचं फाडलेलं एक पान. बारा राशींचा तक्ता. सिंहेपुढं शनिवार, त्याखाली तांबड्या पेन्सिलीची रेघ, आणि बाजूला जोशानं लिहिलेलं नाव. मी चौथी शिकलेला, लावून लावून वाचलं.

"गया, हा मारुती कोण?"

"कोन मारुती?"

"हितं लिहिलंय. मारुती. सिंह रास. शनिवार."

तिचं तोंड बघण्यासारखं झालं. आता नव्या पोरींना सांगावं लागतं. आमच्या वेळेला बाई नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नसे. घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं समजत. लग्नात चार बायांत नाव घ्यायला लावतात तेवढंच, आणि तिथं सुद्धा ही एवढं तोंडातल्या तोंडात पुटपुटली होती की कुणाला काही कळलं नाही. मग जोशापुढं ती ते कसं घेणार?

"त्यानं इचारलं, नवऱ्याचं नाव काय," ती म्हणली. "म्या म्हनलं, ते मला घेता येत न्हाई. तालमीतल्या देवाचं हाय. तर त्यो म्हनला, मारुती. म्या म्हनलं, व्हय, त्योच देव."

तालमीत देव एकच. मारुती म्हणा, हणमंता म्हणा. पण म-ची रास वेगळी आणि ह-ची वेगळी. जोशानं शनिवार सांगितला तो कुणा मारुतीचा. धास्ती खाल्ली तिनं. पडलो मी, हणमंता.

मग ती हसायला लागली. पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. पोटाला हात लावून हसत होती, आत पोर पण हसत असेल. मी हसलो, मग माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि कशाचं आलं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. फुकट हरलो होतो. कुणाचा तरी शनिवार अंगावर घेऊन.

"अवं मारुती," ती म्हणली, "भाकर खायाला या."

तेव्हापासून मी मारुती. हे नाव माझं नव्हतं म्हणून ते तिला घेता येत होतं. बाकीच्या बायका 'अवं', 'ऐकलं का' म्हणत जन्म काढतात. माझ्या बायकोनं मला शेतातून, विहिरीवरून, माळावरून नावानं हाका मारल्या. नवीन सोयऱ्यांना वाटायचं माझं नाव मारुतीच आहे. आता ते म्हणणारं कुणी राहिलं नाही. मी हणमंताच राहिलो, रेशनकार्डावर आहे तसा.

गावात मात्र जोशी जिंकला. "शनिवारी पडला का न्हाई?" म्हणत लोक माझाच दाखला द्यायचे. मी गप्प. काय सांगणार? भविष्य चुकलं होतं पण मी भिऊन पडलो, हे सांगू? त्यापेक्षा शनीच्या नावावर खपलेलं बरं.

त्या दिवशी हसता हसता मी तिला म्हणलं होतं, "जा आता, खऱ्या नावाचा वार इचारून ये." तिचं हसू असं गेलं की कुणी दिवा विझवावा. माझ्या तोंडावर हात ठेवला. "न्हाई. इचारायचंच न्हाई." मी म्हणलं बरं. मला पण नकोच होतं. मी तक्त्यात ह-ची रास शोधू शकलो असतो, कागद हातातच होता. नाही शोधली. डोळे वळवले आणि पान तिला परत दिलं. म्हणलं, "जाळून टाक." पुढं कित्येक वर्षं दर दिवाळीला घरात नवं पंचांग यायचं, मी तिथी बघायचो, पाऊस बघायचो, ते पान आलं की बोटानं उलटून टाकायचो.

त्या शनिवारनंतरच्या सोमवारचं एक आठवतं. खटकलेलं होतं म्हणून आठवतं. ती कामावरून फार उशिरा आली. बोलेना. तोंडाला पदर लावून बसली. मग उठून माठातलं पाणी घेऊन चूळ भरली. परत भरली. परत भरली. पाण्याचा तांब्या जपून वापरायचे दिवस, आणि ही परसात उभी राहून तीन-तीनदा चूळ भरते. मी म्हणलं, "काय खाल्लंस?" म्हणली, "काई न्हाई. तोंड कडू झालंय." गरोदर बाई, मी म्हणलं असेल.

पुढं मी आणखी चार वर्षं कुस्त्या केल्या. पाडलं पण, पडलो पण. पण कधीकधी घरातून निघणंच व्हायचं नाही. पोटात कळ यायची तिच्या. एकदा म्हैस सुटली. एकदा तर लंगोट भिजवून ठेवला, बादलीत, निघायच्या वेळी. मी तणतणलो. "आजच धुवायचा हुता?" म्हणली, "इसरले बया." मला वाटायचं बायकी आळस.

मंगळवारी शालन, माझी थोरली, म्हणजे तेव्हा पोटात होती तीच, तिच्या आईची पेटी आवरत होती. लुगडी कुणाला द्यायची ते बघत होती. कुंकवाचा जुना करंडा निघाला, त्याचा आरसा सैल झालेला. आरशामागं एक घडी.

"आबा," ती म्हणली, "ह्यावर तुमचं नाव कुणी लिहिलंय?"

मी म्हणलं, "माझं नाही ते. मारुती लिहिलंय."

"मारुती हाय की. पर वर हणमंता बी हाय."

मी चष्मा लावला. पान पिवळं पडून घडीवर तुटलेलं. सिंहेपुढं मारुती, शनिवार. आणि त्याच्या बरोबर वरच्या ओळीत, त्याच तांबड्या पेन्सिलीनं, त्याच हातानं लिहिलेलं: हणमंता. कर्क. खाली रेघ. आणि त्या वारावर कुंकवाचं बोट टेकलेलं, इतक्या वेळा टेकलेलं की कागद तिथं मऊ झालेला.

बुधवार.

शालन विचारत होती, आबा काय झालं, पाणी देऊ का. मी म्हणलं काही नाही. काय सांगू तिला? की तुझी आई जोशापुढं परत जाऊन बसली. ह्या वेळी देवाची खूण नाही सांगितली. तो जोशी परगावचा, त्याला मी कोण हे ठाऊक नव्हतं. दुसरं कुणी त्याला सांगणारं नव्हतं. तिनंच सांगितलं. तोंडानं. घेतलं तर माझं आयुष्य कमी होईल असं जिला वाटत होतं, तिनं माझं आयुष्य वाचवायला ते घेतलं, आणि घरी येऊन परसात उभी राहून तीनदा चूळ भरली.

आणि मी ते ऐकायला नव्हतो. तिच्या तोंडून माझं नाव कसं ऐकू आलं असतं, हे फक्त त्या जोशाला माहीत, आणि तो कधीच मेला.

पन्नास वर्षं मला वाटत होतं की ती धास्ती त्या शनिवारी संपली. माझी संपली होती. तिची दर आठवड्याला यायची. मंगळवारी झोपताना यायची आणि गुरुवारी उजाडलं की जायची. मधला एक दिवस मला ओसरीवर बसवून, हातात लसूण देऊन, तिनं काढला. मी कुरकुरत सोलत होतो. ती फोडत होती आणि माझ्याकडं बघत होती. मी आता रडलो तर लोक म्हणतील बायको गेली म्हणून रडतोय. तेवढंच नाही ते.

एक गोष्ट मला भिववते. त्या तक्त्यात तिच्या नावापुढं काय होतं, हे आम्ही कुणीच बघितलं नाही. ना तिनं, ना मी. गेली ती माझ्या वारी.

दुसऱ्या दिवशी बुधवार. सकाळी आंघोळ केली, सदरा घातला, टोपी घातली, खुंटीवरची पिशवी घेतली. शालन म्हणाली, "आबा, कुठं निघालात?"

म्हणलं, "बाजाराला. पन्नास वर्षांत बघितला न्हाई."

मनात होतं की आता अडवणारं कोण आहे. सत्तर वर्षं ओलांडलेला माणूस, मला कसला वार आणि कसली रास. हे सगळं थोतांड आहे, हे माझ्याइतकं कुणाला माहीत आहे? मी स्वतः त्याचा पुरावा आहे. उंबऱ्यापर्यंत गेलो. लांब हलगी वाजत होती. गाव पिशव्या घेऊन चाललं होतं. कुणीतरी म्हणालं, "अरे वा, हणमंताआबा आज बाजाराला!" एक पाय बाहेर टाकला. मान ताठ झाली. मी हात मानेवर नेला, तसाच, माशी बसल्यासारखा.

पाय आत घेतला. पिशवी खुंटीला लावली. टोपी काढली.

ओसरीवर पोतं अंथरलं, माळ्यावरून लसणाची जुडी काढली आणि सूप घेऊन बसलो. गड्ड्या फोडायचं काम माझं कधीच नव्हतं. मीच फोडल्या, मीच सोलल्या. बऱ्याच पाकळ्या चेंगरल्या.